फ्रँकफर्टला निघताय? आधी तिथल्या बंद दिवसांची यादी करा

सोलापुरात सणाच्या दिवशी दूध संपलं, तर कोपऱ्यावरचा दुकानदार अर्धं शटर वर करून पिशवी हातात देतो. फ्रँकफर्टमध्ये ते शटर वर होत नाही. रविवारी आणि सरकारी सुट्टीला किराणा, कपडे, मॉल, मंडई सगळं बंद असतं, आणि ते दुकानदाराच्या मर्जीनं नाही, कायद्यानं बंद असतं. जर्मनीच्या राज्यघटनेत १४०व्या कलमाखाली जुन्या वायमार घटनेतलं १३९वं कलम तसंच्या तसं ठेवलं आहे. रविवार आणि सरकारमान्य सण हे कामातून विसाव्याचे आणि मनाच्या उन्नतीचे दिवस म्हणून जपले जातील, असं ते सांगतं. त्यामुळे दारावर टकटक करून किंवा दोन युरो जास्त देऊन काम होत नाही.

सोलापुरातून फ्रँकफर्टला जाणारे साधारण तीन प्रकारचे. जानेवारीत हाइमटेक्स्टील प्रदर्शनाला जाणारे टॉवेल-चादरीचे कारखानदार, उन्हाळ्यात तिथे शिकणाऱ्या किंवा नोकरी करणाऱ्या मुलांकडे जाणारे आईवडील, आणि युरोप सहलीची सुरुवात किंवा शेवट तिथून करणारी कुटुंबं. तिघांचीही गैरसोय होते ती एकाच कारणानं. तिकीट काढताना भाडं बघितलं जातं, व्हिसा बघितला जातो, पण तिथलं कॅलेंडर बघायचं राहून जातं.

आधी राज्य बघा, मग तारीख

जर्मनीत सुट्ट्यांची यादी राज्यागणिक बदलते. फ्रँकफर्ट हेसेन राज्यात आहे. 'जर्मनीतल्या सुट्ट्या' असं शोधलं की सोळाही राज्यांची सरमिसळ यादी समोर येते आणि भलत्याच दिवशी सुट्टी धरून बसायला होतं. म्हणून शोधताना 'हेसेन' हा शब्द घालायचाच.

हेसेनमध्ये रविवार सोडून दहा सुट्ट्या. त्यातल्या पाच ठरल्या तारखेच्या: १ जानेवारी, १ मे, ३ ऑक्टोबर, २५ डिसेंबर आणि २६ डिसेंबर. १ मे आपल्याला लक्षात ठेवायला सोपा, इथे महाराष्ट्र दिन, तिथे कामगार दिन. ३ ऑक्टोबर हा १९९० मध्ये दोन जर्मनी एक झाल्या तो दिवस.

उरलेल्या पाच ईस्टरवर अवलंबून, आणि ईस्टर दरवर्षी सरकतं. आपल्याकडे ज्यांना तिथी कळते त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा धरायची, तिच्यानंतरचा पहिला रविवार म्हणजे ईस्टर. त्यामुळे तो २२ मार्च ते २५ एप्रिलच्या मध्ये कुठेही येतो. ईस्टरचा रविवार सापडला की बाकीचं बोटांवर मोजता येतं:

त्याच्या आधीचा शुक्रवार गुड फ्रायडे, म्हणजे कारफ्रायटाग. दुसऱ्या दिवशीचा सोमवार ईस्टर मंडे. ३९ दिवसांनी येणारा गुरुवार क्रिस्टी हिमेलफार्ट, येशूच्या स्वर्गारोहणाचा दिवस. ५० दिवसांनी येणारा सोमवार फिंग्स्टमोनटाग, म्हणजे फिंग्स्टन (पेंटेकॉस्ट) या ख्रिस्ती सणाचा सोमवार. आणि ६० दिवसांनी येणारा गुरुवार फ्रोनलाइखनाम, कॅथलिकांचा कॉर्पस क्रिस्टी हा सण.

२०२७ साठी मांडून बघू. ईस्टर २८ मार्चला. म्हणजे बंद दिवस २६ मार्च, २९ मार्च, ६ मे, १७ मे आणि २७ मे. २०२८ मध्ये ईस्टर १६ एप्रिलला, तेव्हा त्या सुट्ट्या १४ एप्रिल, १७ एप्रिल, २५ मे, ५ जून आणि १५ जूनला येतात.

२८ मार्च २०२७ या तारखेला आणखी एक गोष्ट घडते. मार्चच्या शेवटच्या रविवारी युरोपात पहाटे घड्याळ एक तास पुढे करतात, आणि त्या वर्षी तो रविवार म्हणजेच ईस्टर. आपल्यात आणि जर्मनीत एरवी हिवाळ्यात साडेचार तासांचा फरक असतो, तो त्या दिवसापासून साडेतीन होतो. त्या पहाटे ट्रेन किंवा विमान असेल तर मनगटावरचं घड्याळ हातानं पुढे करायला विसरू नका. मोबाईल आपोआप बदलतो, हातातलं घड्याळ बदलत नाही.

सुट्टी रविवारी आली तर जर्मनीत बदली सुट्टी मिळत नाही. इंग्लंडात सोमवारी मिळते, जर्मनीत नाही. २०२७चा ३ ऑक्टोबर रविवारी आहे, तर ४ तारखेला सगळं नेहमीसारखं सुरू.

जोडून येणारे बंद दिवस

एखादा बंद दिवस कसाही निघतो. त्रास होतो तो सलग बंद दिवसांचा, आणि ते यादीत एका नजरेत दिसत नाहीत. कॅलेंडर घ्या, सगळ्या रविवारांवर लाल खूण करा, मग सुट्ट्यांवर. जिथे दोन किंवा तीन लाल खुणा शेजारी दिसतील, त्याच्या आदल्या दिवसाला हिरवी खूण. तुमच्या प्रवासात सुट्टीच्या दिवसापेक्षा ही हिरवी खूण महत्त्वाची, कारण जे काही आणायचं ते त्या दिवशी दुकान बंद व्हायच्या आत.

२०२६चा नाताळ बघा. २५ डिसेंबर शुक्रवार, २६ शनिवार, २७ रविवार. तीन दिवस बंद, आणि २४ तारखेला दुकानं दुपारी दोनलाच मिटतात. २४ला दुपारी तीनला उतरणाऱ्या माणसाला शहरातलं नेहमीचं सुपरमार्केट उघडं सापडेल ते थेट सोमवारी २८ तारखेला. २०२७ मध्ये १ मे शनिवारी आहे, म्हणजे शनिवार-रविवार दोन्ही गेले, आणि शनिवारीच तर लोक आठवड्याचं सामान भरतात. २०२८चा १ मे सोमवारी, तेव्हा रविवार-सोमवार.

ईस्टरला शुक्रवार बंद, शनिवार उघडा, रविवार-सोमवार बंद. मधला शनिवार सोडवतो, पण त्या दिवशी दुकानात पाय ठेवायला जागा नसते. दही, ताजी भाजी, अंडी दुपारपर्यंत उडालेली असतात. सकाळी नऊच्या आत जाऊन या. गुड फ्रायडेच्या आदल्या गुरुवारीही हेसेनमध्ये रात्री आठनंतर दुकान उघडं ठेवता येत नाही. एरवी रात्री दहापर्यंत उघडं असणारं दुकान त्या दिवशी आठला बंद होतं आणि नवख्या माणसाची तिथे फसगत होते.

मे महिना: आपली सुट्टी आणि त्यांच्याही सुट्ट्या

सोलापूरचा पारा चाळिशीच्या वर गेला की फ्रँकफर्टची हवा कुणालाही हवीशी वाटेल. शाळेला सुट्टी, तिथे पंधरा-वीस अंश, रात्री नऊपर्यंत उजेड. पण जर्मनीच्या सुट्ट्यांचा सगळ्यात दाट पट्टा हाच. २०२७च्या मे महिन्यात रविवार सोडून चार सुट्ट्या आहेत: १, ६, १७ आणि २७.

त्यातल्या दोन गुरुवारी. गुरुवारची सुट्टी आली की बरेच जर्मन शुक्रवारी रजा टाकून चार दिवस सलग करतात. त्या शुक्रवाराला ते ब्र्युकेनटाग म्हणतात, म्हणजे पुलाचा दिवस. दुकानं त्या शुक्रवारी उघडी असतात, पण कचेऱ्यांत माणूस भेटत नाही, आणि बुधवारी दुपारपासून ट्रेन गच्च भरतात. त्या बुधवारी किंवा रविवारी संध्याकाळी म्युनिक, बर्लिन, कोलोनला जायचं असेल तर आयसीई या वेगवान गाडीचं आसन आधी राखून ठेवा. जर्मनीत तिकीट आणि आसन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तिकीट हातात असलं तरी बसायला जागा मिळेल याची खात्री नसते, आसन-आरक्षणाचे पैसे वेगळे भरावे लागतात. आपल्याकडच्या कन्फर्म तिकिटाची सवय असलेली माणसं इथेच चुकतात आणि बॅगा घेऊन चार तास दारापाशी उभी राहतात.

लांब उजेडाचाही एक फास आहे. संध्याकाळी साडेआठला बाहेर लख्ख उजेड दिसतो म्हणून अजून वेळ आहे असं वाटतं. उजेडाकडे बघू नका, दुकानाच्या वेळेच्या पाटीकडे बघा.

१७ मे २०२७ च्या फिंग्स्टमोनटागनंतरच्या मंगळवारी फ्रँकफर्टचा स्वतःचा सण असतो, वेल्डखेसटाग. शहराच्या दक्षिणेला जंगलात जत्रा भरते, पाळणे, खाण्याचे ठेले, बिअर. पूर्वी त्या दिवशी दुपारनंतर शहरातली दुकानं आणि कचेऱ्या बंद होत. आता ती सरकारी सुट्टी नाही, पण जत्रा शनिवारपासून मंगळवारपर्यंत जोरात असते. गड्ड्याच्या यात्रेत वाढलेल्या माणसाला ती परकी वाटणार नाही. त्या शनिवार ते मंगळवारात तिथे असाल तर अर्धा दिवस काढाच.

कोणत्या दिवशी उतरायचं

मुंबईहून फ्रँकफर्टला जाणारी बरीचशी थेट विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात आणि तिथे सकाळी पोचतात. शुक्रवार संध्याकाळपर्यंत सोलापुरातलं काम आटोपून निघायचं असा बेत सोयीचा वाटतो, आणि नेमका रविवारी सकाळी माणूस बंद शहरात उतरतो. जमलं तर मंगळवार, बुधवारी उतरा. त्यात गुरुवारची सुट्टी येत नाही ना, तेवढं बघा.

तारखेचा आणखी एक घोळ. रात्री १ किंवा २ वाजताच्या विमानाच्या तिकिटावर पुढच्या दिवसाची तारीख असते. रविवारच्या तारखेचं तिकीट म्हणजे मुंबई विमानतळावर शनिवारी रात्रीच हजर व्हायला हवं. सिद्धेश्वर एक्सप्रेस रात्री सोलापुरातून निघून सकाळी मुंबईत पोचते, म्हणजे अशा विमानासाठी शुक्रवारी रात्रीची गाडी धरायची. शनिवारी रात्रीची गाडी धरली तर मुंबईत पोचेपर्यंत विमान गेलेलं असतं.

रविवारी उतरणं टळतच नसेल, तर दोन जागा लक्षात ठेवा. विमानतळावर टर्मिनल १ मधलं सुपरमार्केट आणि शहरातलं मुख्य रेल्वे स्थानक, हाउप्टबानहोफ. तिथली दुकानं प्रवाशांसाठी म्हणून रविवारीही चालतात. भाव शहरापेक्षा चढे आणि रांग लांब, पण दूध-ब्रेड-फळं मिळतात. पेट्रोलपंपावरही थोडंफार मिळतं. विमानतळावरून एस८ किंवा एस९ लोकलनं पंधरा मिनिटांच्या आत हाउप्टबानहोफ गाठता येतं. सुट्टीच्या दिवशी गाड्यांचं वेळापत्रक रविवारचं असतं, म्हणजे गाड्या असतात, पण कमी. चार-पाच जण असाल तर पाच जणांपर्यंत चालणारं गटाचं दिवसाचं तिकीट मिळतं, सुट्या तिकिटांपेक्षा ते बहुधा स्वस्त पडतं.

घर किंवा अपार्टमेंट भाड्यानं घेतलं असेल, तर किल्ली कोण देणार हे लेखी विचारून ठेवा. सुट्टीच्या दिवशी त्यांचं ऑफिस बंद असतं. किल्ली पेटीत ठेवली असेल तर पेटीचा आकडा आणि ती पेटी नेमकी कुठे आहे त्याचा फोटो, दोन्ही निघण्याआधी मागवा.

पहिल्या दोन दिवसांचं जेवण बॅगेत

इथे सोलापूरचा माणूस कुणापेक्षाही सुस्थितीत असतो. कडक भाकरी आणि शेंगा चटणी हा बंद शहरात उतरायला केलेलाच फराळ आहे. चौघांना दोन दिवसांसाठी वीस ते चोवीस कडक भाकऱ्या आणि पाव किलो चटणी पुरते. भाकऱ्या वर्तमानपत्रात गुंडाळून स्टीलच्या डब्यात भरा, नाहीतर बॅगेत चुरा होतो. चटणीला झिप असलेल्या दोन पिशव्या, एकात एक. तेल सुटून कपड्यांना लागलं की डाग जात नाही.

भाकरीबरोबर काय नेता येत नाही, ते जास्त नीट बघा. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दूध आणि मांस, आणि त्यांच्यापासून केलेले पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे पेढे, खवा, बर्फी, पनीर, तूप, लोणी घरीच ठेवा, मुलासाठी कितीही मायेनं केलेलं असलं तरी. कस्टमनं काढून घेतलं की कचऱ्यात जातं. ताज्या फळं-भाज्यांना वनस्पती आरोग्याचं प्रमाणपत्र लागतं, त्यामुळे आंबे, मिरच्या, कढीपत्ता नको. केळी, नारळ, अननस आणि खजूर यांना ती अट नाही. कोरडे मसाले, डाळी, पोहे, भाजलेले दाणे चालतात.

पाण्याची काळजी नको. नळाचं पाणी सरळ पिता येतं. बाटल्या विकत घेतल्या तर एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बाटलीवर आणि पेयाच्या कॅनवर २५ सेंट अनामत घेतात, ती सुपरमार्केटमधल्या यंत्रात बाटली परत टाकल्यावर मिळते. यंत्र दुकानात, दुकान रविवारी बंद. सोमवारचं परतीचं विमान असेल तर बाटल्या शनिवारीच परत करा.

दोन बंद दिवसांच्या आदल्या संध्याकाळी चौघांसाठी हे आणून ठेवा: दूध ३ लिटर, ५०० ग्रॅमचे दह्याचे २ डबे, ब्रेडचे २ पुडे, तांदूळ १ किलो, बटाटे २ किलो, कांदे १ किलो, टोमॅटो अर्धा किलो, सफरचंद-केळी मिळून २ किलो. दुधात एच-मिल्श नावाचं लांब टिकणारं दूध घ्या, बंद खोक्यात ते फ्रिजबाहेरही राहतं. चहापत्ती सोलापुरातूनच न्या, तिथला बहुतेक चहा पिशवीतला असतो आणि आपल्या तोंडाला फिका लागतो.

हॉटेलं, कॅफे, खानावळी सुट्टीलाही उघड्या असतात, उपाशी राहायची वेळ येत नाही. पण एकेका खानावळीचा आठवड्याचा बंद वार वेगळा असतो आणि २४ डिसेंबरच्या संध्याकाळी बऱ्याच जागा लवकर मिटतात. छोट्या बेकरीत रोख लागू शकते, म्हणून पाच-दहा युरोच्या नोटा जवळ ठेवा. एटीएम सुट्टीलाही चालतं, बँकेची खिडकी नाही.

दारावरची पाटी वाचायला शिका

बेकरीच्या काचेच्या दारावर, हाताच्या उंचीवर, एक छोटी चिठ्ठी चिकटवलेली असते. पहिल्या ओळीत 'एम-ओ' ही अक्षरं, मग रेघ, मग 'एफ-आर', आणि पुढे ७ ते १८. म्हणजे मोनटाग ते फ्रायटाग, सोमवार ते शुक्रवार. त्याखाली 'एस-ए', झामस्टाग, शनिवार. शेवटची ओळ 'एस-ओ', पुढे ८ ते ११. ही अक्षरं इंग्रजीतला 'सो' शब्द वाटून डोळ्यांखालून निसटतात. ती झोनटाग, रविवार. म्हणजे ती बेकरी रविवारी सकाळी तीन तास उघडी आहे. सकाळी साडेनऊला गेलात तर ताजे ब्रोटखेन, म्हणजे छोटे पाव, मिळतील, साडेदहाला गेलात तर उरलंसुरलं.

काही शब्द तोंडपाठ करा. गेश्लोसन म्हणजे बंद. गेऑफ्नेट म्हणजे उघडं. फायरटाग म्हणजे सरकारी सुट्टी. रूहेटाग म्हणजे त्या खानावळीचा आठवड्याचा बंद वार. आणि वेर्कटाग हा शब्द बस-ट्रेनच्या फलकावर दिसतो. त्याचा अर्थ कामाचा दिवस, पण त्यात शनिवार धरलेला असतो. सोमवार ते शुक्रवार असं समजून शनिवारची गाडी सोडू नका.

क्लाइनमार्क्टहाले ही शहराच्या मधोमध असलेली छपराखालची मंडई आवर्जून बघण्यासारखी. रविवारी आणि सुट्टीला बंद, शनिवारी दुपारी चारला मिटते. त्साइल हा खरेदीचा मोठा रस्ता सुट्टीला चालायला छान, पण दुकानांच्या काचा बघण्यापुरताच.

संग्रहालयांचं मात्र उलटं. ती रविवारी उघडी आणि बहुतेक सोमवारी बंद. माइन नदीच्या दक्षिण काठावर त्यांची रांगच आहे, त्यात श्टेडेल सगळ्यात नावाजलेलं. म्हणून बंद रविवार तिथे खर्च करा. ईस्टर किंवा फिंग्स्टनचा सोमवार असेल तर काही संग्रहालयं नेहमीचा बंद वार मोडून उघडतात, त्या-त्या संग्रहालयाच्या संकेतस्थळावर आदल्या दिवशी बघून घ्या.

मुलांच्या घरी राहणार असाल तर शेजाऱ्यांचाही विचार करा. रविवारी आणि सुट्टीला भिंतीत खिळा ठोकणं, ड्रिल चालवणं, काचेच्या बाटल्या रस्त्यावरच्या कुंडात टाकणं चालत नाही. सकाळी उठून मिक्सरवर चटणी वाटायची सवय असेल तर तेवढे दिवस आवरती घ्या. गुड फ्रायडे सगळ्यात शांत दिवस, त्या दिवशी हेसेनमध्ये सार्वजनिक नाचालाही कायद्यानं बंदी असते.

नाताळ, आणि बाजार उठल्यावर पोचलेले लोक

रोमरबर्ग चौकातला नाताळचा बाजार बघायला म्हणून २४ किंवा २५ डिसेंबरला पोचणारे दरवर्षी असतात. बाजार नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सुरू होतो आणि २२ डिसेंबरच्या आसपास उठतो. जर्मनीत नाताळची घाई नाताळाच्या आधी असते, नाताळ स्वतः घरात आणि चर्चमध्ये. बाजार बघायचा असेल तर डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातला सोमवार ते गुरुवार धरा. शनिवारी संध्याकाळी त्या चौकात गर्दी इतकी असते की मूल कडेवर घ्यावं लागतं.

तरीही २४ला तिथे असालच, तर संध्याकाळी पाच वाजता रोमरबर्गवर किंवा आयसर्नर श्टेग या नदीवरच्या पादचारी पुलावर उभे राहा. शहराच्या मध्यातल्या दहा चर्चच्या पन्नास घंटा अर्धा तास एकत्र वाजतात. त्यात कॅथेड्रलची सुमारे बारा टनांची ग्लोरिओसा लागली की तिचा आवाज कानापेक्षा छातीत जाणवतो. ईस्टर आणि फिंग्स्टनच्या आदल्या शनिवारी आणि ॲडव्हेंटच्या, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांच्या काळातल्या, पहिल्या रविवारच्या आदल्या शनिवारी हाच घंटानाद दुपारी साडेचारला होतो. बंद दिवसांमध्ये फुकटात मिळणारी याहून चांगली गोष्ट फ्रँकफर्टमध्ये नाही. हातमोजे विसरू नका.

३१ डिसेंबरलाही दुकानं दुपारी दोनला बंद होतात. दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांना मात्र कसलीच अडचण नाही. हेसेनमध्ये नोव्हेंबरात एकही सरकारी सुट्टी नाही, फक्त रविवार सांभाळायचे.

टॉवेलवाल्यांसाठी जानेवारी

हाइमटेक्स्टील जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास, मंगळवार ते शुक्रवार भरतं. इकडे सिद्धेश्वर महाराजांचे नंदीध्वज निघतात त्याच सुमाराला तिकडे स्टॉल उभा राहतो, याला इलाज नाही. त्या आठवड्यात सरकारी सुट्टी येत नाही, पण तयारीचे दिवस नेमके नाताळ आणि नववर्षाच्या मध्ये सापडतात. २४ डिसेंबर ते ६ जानेवारी जर्मन खरेदीदाराकडून मेलला उत्तर येईल अशी आशा धरू नका. भेटीच्या वेळा १५ डिसेंबरच्या आत पक्क्या करा. ६ जानेवारीला बव्हेरिया आणि बाडेन-व्युर्टेम्बेर्गमध्ये सुट्टी असते, हेसेनमध्ये नसते. स्टुटगार्ट किंवा म्युनिकचा खरेदीदार असेल तर त्याच्याशी ७ तारखेनंतरच बोला.

नमुन्यांचे खोके आधी पाठवणार असाल तर आणखी एक नियम लक्षात घ्या. साडेसात टनांवरच्या ट्रकना जर्मनीत रविवारी आणि सुट्टीला मध्यरात्रीपासून रात्री दहापर्यंत रस्त्यावर धावायला बंदी आहे. शुक्रवारी गोदामात पोचलेला माल 'परवा मिळेल' असं इथल्या हिशेबानं धरू नका, तो सोमवारीच हलतो. सगळ्यात महत्त्वाचे दहा-बारा नमुने स्वतःच्या बॅगेत ठेवा.

प्रदर्शनाच्या दिवसांत हॉटेलांचे दर कुठल्याही सणापेक्षा जास्त चढतात. माइन्ट्स किंवा डार्मश्टाट इथे राहून रोज लोकलनं ये-जा करणं परवडतं. प्रदर्शनाच्या दारात मेस्से नावाचं लोकल स्थानक आहे. शुक्रवारी संध्याकाळी स्टॉल आवरला की घरच्यांसाठी खरेदीला एकच दिवस उरतो, शनिवार. रविवारी सकाळी खरेदी करून रात्रीचं विमान धरू, हा बेत आखू नका.

व्हिसाची तारीख

शेंगेन व्हिसासाठी, म्हणजे जर्मनीसह युरोपातल्या बहुतेक देशांना चालणाऱ्या व्हिसासाठी, प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, आणि किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. निर्णयाला साधारण पंधरा दिवस, काही प्रकरणांत पंचेचाळीस. मे महिन्यासाठी निघणाऱ्यांची गर्दी मार्च-एप्रिलमध्ये होते, आणि त्यात ईस्टरच्या सुट्ट्या येतात. जानेवारीच्या प्रदर्शनासाठी नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच अर्ज द्या, डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात फाईल अडकली तर विमान चुकतं. प्रवास विमा ३०,००० युरोचा हवा, आणि परतीच्या तारखेपर्यंत पुरणारा.

बाजूच्या राज्यात, बाजूच्या देशात

फ्रँकफर्टहून एका दिवसात हायडलबर्ग किंवा माइन्ट्स बघायला जातात, पण ती दोन्ही शहरं दुसऱ्या राज्यांत आहेत. १ नोव्हेंबरला दोन्हीकडे सुट्टी, ६ जानेवारीला हायडलबर्गला. किल्ला, रस्ते, कॅफे असतात, खरेदी होत नाही. फ्रोनलाइखनामचं उलटं, फ्रँकफर्ट बंद आणि बर्लिन उघडं. बर्लिनला ८ मार्चची सुट्टी, ती हेसेनला नाही. माइन्ट्स आणि कोलोनला ईस्टरच्या ४८ दिवस आधीच्या सोमवारी कार्निव्हलची मिरवणूक निघते, २०२७ मध्ये ती ८ फेब्रुवारीला. सुट्टी सरकारी नाही, पण शहर त्या दिवशी रस्त्यावर असतं आणि गाड्या खचाखच.

ट्युलिप बघायला नेदरलँड्सला जाणार असाल तर २७ एप्रिल टाळा. राजाच्या वाढदिवसाला ॲमस्टरडॅममध्ये चालायलाही जागा नसते. पॅरिसला १ मे, ८ मे, १४ जुलै आणि १५ ऑगस्ट बघा. स्वित्झर्लंडमध्ये १ ऑगस्ट. आपला स्वातंत्र्यदिन इटलीतही सुट्टीचा दिवस असतो, आणि त्या सुमाराला शहरातली अनेक छोटी दुकानं मालकांसकट समुद्रकाठी गेलेली असतात.

औषध लागलं तर

रक्तदाब, साखर, थायरॉईडची औषधं पूर्ण मुक्कामाची आणि वर एक आठवड्याची, हातातल्या बॅगेत, डॉक्टरच्या इंग्रजी चिठ्ठीसह न्या. तिथे अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय मिळत नाही, आणि आपली चिठ्ठी चालेलच असं नाही.

सुट्टीच्या दिवशी औषधाची दुकानं पाळीपाळीनं उघडी असतात. लाल रंगाचं मोठं 'ए' अक्षर म्हणजे औषधाचं दुकान, आपोथेके. प्रत्येक बंद दुकानाच्या दारावर त्या दिवशी जवळचं कोणतं दुकान पाळीवर आहे त्याचा पत्ता लावलेला असतो, त्याचा फोटो काढून घ्या. पाळीवरचं दुकानही रात्री बाहेरून बंदच दिसतं. दारापाशी घंटा असते, ती दाबली की छोटी खिडकी उघडते आणि औषध तिथूनच देतात. या वेळेचे २.५० युरो जादा. जीव धोक्यात असेल तर ११२, तो कुठल्याही फोनवरून फुकट लागतो. ताप, उलट्या, कानदुखी अशा तक्रारींसाठी सुट्टीचे डॉक्टर ११६११७ या क्रमांकावर मिळतात. भारतीय सिमवरून हा क्रमांक लागला नाही, तर हॉटेलच्या काउंटरवरून किंवा मुलांच्या जर्मन फोनवरून लावून घ्या.